मळ्यातल्या घराला कोणता नंबर द्यावा: अंतराचा की डिजिपिन?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात रुग्णवाहिका बोलावली, तर गावठाणात घर सापडतं. अडचण मळ्यातल्या वस्त्यांची. पंचायतीचा घरपट्टीचा नंबर तिथं कामाचा नाही, कारण तो नोंदणीच्या क्रमाने पडतो. ३७ च्या शेजारी २१२ असू शकतो. ग्रामसभेत पाट्यांचा विषय येणार असेल, तर दोन पद्धती नीट बघून घ्या.

पहिली अंतराची. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात ती रुळलेली आहे. फाट्यापासून घराची वाट फुटते तिथपर्यंत मीटर मोजायचे आणि दहाने भागायचं. १,३४० मीटर म्हणजे १३४ नंबर. उजवीकडे सम, डावीकडे विषम. मधे नवं घर उभं राहिलं तरी बाकीचे नंबर हलत नाहीत. मला ही पद्धत आवडते, कारण मोबाइलला रेंज नसली तरी ड्रायव्हरला कळतं की आपण पुढं आलो की अजून जायचंय. आकडे इंग्रजी ठेवले की कन्नड शिकलेला आणि मराठी शिकलेला, दोघंही वाचतात. मात्र प्रत्येक रस्त्याला नाव द्यावं लागतं, आणि मोजणीचं काम कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

दुसरी डिजिपिन. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षरी कोड अक्षांश-रेखांशावरून निघतो आणि सुमारे ४ बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो. फुकट आहे, रस्त्याला नाव लागत नाही. पण घाबरलेल्या माणसाने फोनवर सांगताना ‘पी’ आणि ‘टी’ची गल्लत सहज होते. शिवाय कोड जागा सांगतो, वाट नाही. पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेवरचे सखल पूल पाण्याखाली गेले की समोर दिसणाऱ्या वस्तीलाही लांबून वळसा घालावा लागतो.

निपाणी-चिकोडीकडे, जिथं मळे रस्त्याला धरून आहेत, तिथं अंतराचाच नंबर घ्या. खानापूरच्या जंगलातल्या, धड रस्ता नसलेल्या वाड्यांना डिजिपिन बरा. गाडी जिथं थांबेल तिथला कोडही सोबत लिहा.

पाटीवर गाव, तालुका आणि राज्य हवंच. सीमेवरचा मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि रुग्णवाहिकेसाठी केलेला १०८ चा कॉल महाराष्ट्राच्या केंद्रात जाऊ शकतो. पाट्या रंगवण्याआधी रस्त्यांच्या नावांची यादी कन्नड आणि मराठीत करून १०८ आणि ११२ (पोलीस व इतर तातडीची मदत) च्या जिल्हा पातळीवरच्या लोकांकडे द्या, आणि पोच घ्या.