सनबर्स्ट गिटारची रंगदुरुस्ती: सावंतवाडीतील एका पॉलिश कारागिराचे काम

जुन्या अकूस्टिक गिटारच्या झिजलेल्या कडेसाठी हार्डवेअरच्या दुकानातून तयार वुड स्टेनची, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाची, बाटली आणण्याचा विचार असेल, तर ते पैसे वाचवावेत आणि गिटार घेऊन सरळ सावंतवाडी गाठावी, हे माझे मत आधीच नोंदवतो. चितारआळीच्या परिसरात, लाकडी खेळण्यांच्या दुकानांपासून जवळच, फर्निचरला हाताने पॉलिश करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. गिटारदुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय नाही; तरीही रंग जुळवण्याची त्यांची जाण थक्क करणारी आहे.

माझी गिटार सनबर्स्ट रंगाची आहे, म्हणजे मध्यभागी मधाळ पिवळी आणि कडेकडे तपकिरी होत जाणारी. जिथे उजवा हात टेकतो ती कड झिजली होती आणि खालच्या बाजूचा एक टवका उडून स्प्रूसचे पांढुरके लाकूड उघडे पडले होते. अशा गिटारवरचा तपकिरी रंग बहुतेक वेळा लाकडात मुरवलेला नसतो, तर लाकडावरच्या लॅकरच्या, म्हणजे चकचकीत संरक्षक लेपाच्या, थरात मिसळून फवारलेला असतो. स्टेन नेमका इथेच फसतो, कारण तो उघड्या लाकडात शिरतो आणि शेजारच्या शाबूत लॅकरवर टिकत नाही. शिवाय स्प्रूसच्या वार्षिक वलयांमधला मऊ, फिकट भाग स्टेन अधिक शोषतो आणि कठीण, गडद रेषा कमी शोषतात, त्यामुळे रेषांचे नाते उलटे होऊन दुरुस्तीची जागा छायाचित्राच्या निगेटिव्हसारखी दिसू लागते. बाटलीवर ‘वॉलनट’ लिहिले आहे की ‘महोगनी’, याने यात काही फरक पडत नाही.

कारागिरांनी प्रथम खुंट्यांच्या धातूच्या पट्टीखाली, जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाचा बोळा टेकवून पाहिला. थर विरघळून चिकट झाला असता तर तो लाखेचा ठरला असता. तसे झाले नाही. मग थिनरचा एक थेंब लावताच पृष्ठभाग मऊ पडला, म्हणजे लेप नायट्रोसेल्युलोज लॅकरचा होता. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन यांसारखा कृत्रिम लेप असता, तर थिनरनेही त्याला काही झाले नसते. गिटारच्या कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज 1920 च्या दशकापासून रुळले आणि वयानुसार ते पिवळे पडत जाते. म्हणून जुळवायचा रंग हा आजचा, वयाने पिकलेला रंग असतो, कारखान्यातून निघालेला नव्हे. हे त्यांना सांगावे लागले नाही.

उघड्या लाकडावर त्यांनी आधी निव्वळ चपडी लाखेचा पातळ हात दिला. प्रमाण साधारण 100 मिलिलिटर स्पिरिटला 12 ग्रॅम चपडी. त्यामुळे लाकडाची तोंडे बंद झाली आणि पुढचा रंग आत शिरून डाग पडण्याची भीती संपली. नंतर त्याच द्रावणात स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग आणि किंचित पिवळा मिसळून बारीक ब्रशने एकावर एक अतिशय पातळ थर चढवले. प्रत्येक मिश्रण ते आधी काचेच्या पट्टीवर लावत आणि ती पट्टी गिटारवर धरून दारात, दिवसाच्या उजेडात पाहत. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात लालसर निघू शकतो, हे लक्षात घेता हा आग्रह योग्यच होता. गेरू किंवा पिवडी त्यांनी मुद्दाम टाळली, कारण त्यांचे कण लाकडाच्या रेषा झाकून टाकतात.

काम निर्दोष आहे असे नाही. लाखेची चकाकी आजूबाजूच्या मावळलेल्या लॅकरपेक्षा जास्त होती; 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने ओला, हलका हात मारून ती उतरवण्यासाठी मला पुन्हा आग्रह धरावा लागला. झिजलेल्या कडेचा रंग एक हातभर अंतरावरून वेगळा ओळखू येत नाही, टवक्याची सीमारेषा मात्र तिरप्या उजेडात दिसते. शिवाय, ‘सगळीच घासून नवीकोरी करून देतो’ हा त्यांचा प्रस्ताव जुन्या वाद्याच्या मालकाने ठामपणे नाकारावा. मूळ लेप गेला की वाद्याचे संग्राहकांच्या दृष्टीने असलेले मोलही बरेच उतरते.

पावसाळ्यात ते असे काम घेत नाहीत आणि ते बरोबर आहे, कारण दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. कोकणात दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. लाख मद्यार्कात विरघळते, तेव्हा मैफलीत फेणीचा पेला गिटारपासून दूर ठेवणे इष्ट. मजुरी नऊशे रुपये झाली, पावती मिळत नाही. रंग लावलेली काचेची पट्टी मागितल्यास सोबत देतात. ती अंधाऱ्या जागी ठेवावी, कारण असे स्पिरिट-रंग उजेडाने फिके पडतात आणि पुढच्या टवक्याच्या वेळी तीच उपयोगी पडेल.