बॉबरचं मागचं चाक: 17 ची मॅकव्हील की 16 ची तारांची रिम?

रॉयल एनफिल्डची जुनी, मागे ड्रम ब्रेकवाली क्लासिक 350 बॉबर करायला (म्हणजे जादा भाग काढून खाली बसकी, सिंगल सीटची करायला) घेतली की गाडी मागच्या चाकापाशी अडतेच. ओरिजनल 110/90-18 टायर (रुंदी 110 मिमी, भिंत रुंदीच्या 90 टक्के, रिम 18 इंची) सिंगल सीटखाली अगदी उपाशी दिसतो. मग दोनच रस्ते, 17 ची मॅकव्हील (तारांशिवायचं अखंड अलॉय चाक) आणि 140/70, नाहीतर जुनाच हब (चाकाचा मधला भाग) ठेवून 16 ची रिम आणि 130/90. मी दोन्ही वापरलीत म्हणून लिहितोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी थोडा हिशोब, कारण 16 म्हटलं की गाडी जास्त खाली बसणार असं सगळ्यांना वाटतं आणि होतं नेमकं उलटं. टायरसकट मोजलं तर ओरिजनल चाक साधारण 655 मिमी, 130/90-16 चं 640 आणि 140/70-17 चं 628. म्हणजे रिम मोठी असूनही 17 लावल्यावर ॲक्सल 13-14 मिमी खाली येतो, 16 ला त्याच्या निम्माच.

17 चे फायदे खरे आहेत. ट्यूबलेस आहे, खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, अंधारात घाटात उभं राहायची वेळ सहसा येत नाही. रॉयल एनफिल्डच्याच मीटिओर आणि अलॉय चाकांच्या हंटरला मागे हीच साइज असल्यामुळे टायर शोधत फिरावं लागत नाही. 140 चेनला घासतो तिथे लेथवर स्पेसर (चाक बाजूला सरकवणाऱ्या कड्या) करून घ्यावे लागतात आणि मग पुढच्या-मागच्या चाकाची लाइन जुळवत बसायचं, पण माणूस नीट असला तर जमून जातं. इंजिन त्याच स्पीडला चारेक टक्के जास्त फिरतं, क्लासिकचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर असल्यामुळे काट्यावर काही दिसत नाही, कानाला मात्र कळतं.

पण मला 17 नकोशी झाली ती स्पीडब्रेकरमुळे. बॉबर म्हणून शॉकॲब आधीच छोटे टाकलेले, त्यात चाकानं अजून खाली नेली, आणि आपल्याकडे गाव आलं की ब्रेकर, शाळा आली की ब्रेकर, कुणाच्या तरी घरासमोर पण ब्रेकर, ते पण नियमातले नाहीत, नुसते डांबराचे ढीग, प्रत्येक ठिकाणी सेंटर स्टँड खर्रर्र करून घासणार आणि पानटपरीवरची सगळी मंडळी वळून बघणार. तिरकी घालून बघितली, उभं राहून बघितलं, शेवटी सेंटर स्टँडच काढून टाकला. घासणं थांबलं, पण आता चेनला तेल द्यायचं तरी चाक वर कसं करणार, भावाला हाक मारायची, त्यानं गाडी साइड स्टँडवर कलती धरायची आणि मी खाली बसून चाक फिरवायचं. कागदावर दोन चाकांत 6-7 मिमीचा फरक आहे, कुणी म्हणेल एवढ्याशानं काय होतं, पण 16 लावल्यावर स्टँड परत बसवला आणि आता सहसा तो टेकत नाही. शिवाय टायरची भिंत 98 च्या जागी 117 मिमी, त्यामुळे खड्ड्यात कंबरेला बसणारा दणका पण मला कमी वाटतो, मोजलेलं वगैरे काही नाही.

16 ची कटकट म्हणजे ट्यूब. आणि 18 च्या तारा लांब पडतात म्हणून छोट्या तारांचा सेट वेगळा मिळवायचा, नवीन विणलेलं चाक थोडं चाललं की तारा सैल होतात, रिमचा आऊट (वाकडं फिरणं) परत काढून घ्यावा लागतो, आणि ते काम हातात असलेली म्हातारी माणसं आता कमीच राहिलीत. उलट विणतानाच रिम थोडी सरकवून घेता येते, 130 साठी मला स्पेसरची गरज पडली नाही. रॉयल एनफिल्डच्या गोअन क्लासिकला (कंपनीची तयार बॉबर) कंपनीनंच मागे 130/90-16 दिलाय, तो पण तारांच्या रिमवर आणि ट्यूबलेस, ते बघून थोडी जळजळ होते, पण ते चाक डिस्कचं, आपल्या ड्रमवाल्या गाडीला सरळ बसत नाही.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं) आणि त्यावरचा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही चाकांना सारखाच लागतो, त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. एबीएसवाली गाडी असेल तर मात्र दोन्हींच्या नादाला न लागलेलंच बरं.

रोज हायवेवर लांब जाणारे असाल, शॉकॲब ओरिजनलच असतील, तर 17 ला मी नाही म्हणणार नाही. गावातून, आडरस्त्यानं फिरणारे असाल तर 16 बघा, फक्त एक ट्यूब कायम सोबत ठेवा, पंक्चरवाल्याकडे ही साइज बहुतेक नसतेच.