टेक अपार्ट की ब्रेक डाउन?

सायकलची चाकं, चेन, पेडल सुटी करून ग्रीस लावायला बसलात, तर इंग्रजीत ते ‘टेक अपार्ट’. भाग शाबूत राहतात, पुन्हा जोडता येतात; ‘पुट टुगेदर’ हा त्याचा उलटा प्रयोग. ‘ब्रेक डाउन’चं तसं नाही. गाडी भर रस्त्यात आपोआप बंद पडते, म्हणून ‘द कार ब्रोक डाउन’. नुसतं ‘आय ब्रोक डाउन’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्हाला रडू कोसळलं. शिकणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

मुद्द्यांच्या बाबतीत फरक मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. कुणाचा युक्तिवाद ‘टेक अपार्ट’ केला म्हणजे त्याच्या चिंधड्या उडवल्या. क्रिकेटमध्ये गोलंदाजीची पिसं काढली तरी हेच म्हणतात. खर्च ‘ब्रेक डाउन’ केला म्हणजे भाडं, किराणा, वीज असा तपशील वेगळा मांडला. त्यात टीका नाही, उलट समोरच्याची सोय आहे.

‘इट’ दोन्हींत मधेच बसतं: ‘टेक इट अपार्ट’, ‘ब्रेक इट डाउन’. पोटात अन्नाचं विघटन होतं तिथे मात्र ‘ब्रेक डाउन’च शोभतं.