लिथियम इंडियम सेलेनाइडची चकती: तापमान सांभाळले तर उत्तम

न्यूट्रॉन टिपणाऱ्या हीलियम-3 वायूच्या नळीला पर्याय शोधणाऱ्यांनी लिथियम इंडियम सेलेनाइडचा हा स्फटिक जरूर पाहावा. तो सामान्य तापमानाला चालतो आणि हवेत दमट होत नाही. लिथियम-6 ने न्यूट्रॉन पकडला की 4.78 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मिळते, त्यामुळे गॅमा किरणांपासून वेगळा सिग्नल ओळखणे सोपे जाते. मात्र लिथियम समृद्ध केलेलेच, म्हणजे लिथियम-6 चे प्रमाण वाढवलेलेच घ्या. नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-6 जेमतेम 7.6 टक्के असते.

खरी अडचण उष्णतेची. तिन्ही अक्षांवर प्रसरण वेगवेगळे, म्हणून घाईने तापवला किंवा गार केला की तडा गेलाच. चकती कडक इपॉक्सीने घट्ट चिकटवू नका, मऊ स्प्रिंगच्या हलक्या दाबाने धरा. सिग्नलची तार जोडायला सोल्डरिंग नकोच. चकतीवरच्या सोन्याच्या थरावर चांदीची पेस्ट पुरते. घेण्याआधी चकती उजेडासमोर धरून आतल्या भेगा बघा. स्वच्छ पिवळा रंग हवा. लालसर छटा असली तर घटकांचे प्रमाण चुकल्याची शंका घ्यावी.

इंडियमही काही न्यूट्रॉन गिळतो आणि 54 मिनिटे अर्धायुष्य असलेली किरणोत्सारिता मागे ठेवतो. म्हणून न्यूट्रॉनच्या तीव्र झोतानंतर लगेच पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग मोजू नये. मोठ्या क्षेत्रफळासाठी मात्र आम्ही नळीच सुचवू.