इंदूरचं एक एमआरआय सेंटर: मशीनला पाच स्टार, काउंटरला दोन

नाव टाकत नाही, कोणाशी भांडायचं नाहीये, पण डोक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, म्हणजे औषधाचं इंजेक्शन देऊन काढतात तो, करवायचा असेल तर वाचून जा.

माझं दुखणंच विचित्र. उभं राहिलं की पंधरा मिनिटांत मानेपासून डोकं ठणकायचं, आडवं झालं की गायब. मायग्रेन झालं, सायनस झालं, चष्म्याचा नंबर झाला, सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी न्यूरोवाल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, झोपल्यावर थांबतं का? हो म्हटलं तर लगेच चिठ्ठीवर लिहून दिलं, ब्रेन एमआरआय, प्लेन आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही, कण्यातून सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, गळत असल्याचा संशय.

तर काउंटर. साडेदहाची अपॉइंटमेंट, नंबर लागला पावणेएकला. बसवत नव्हतं म्हणून पर्स उशाला घेऊन तीन खुर्च्यांवर आडवी झाले तर गार्ड हजर, मॅडम यहाँ सोना मना है. ह्यांनी चिठ्ठी दाखवली तेव्हा गेला. वर काउंटरवरची मुलगी म्हणे डोकेदुखीच आहे ना, प्लेन करवून घ्या, कॉन्ट्रास्टचे वेगळे लागतील. फोनवर हे सांगितलंच नव्हतं! आणि रामबागच्या आमच्या काकांचं नेमकं उलटं, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, लघवी थांबायची नाही, विसरायला लागलेले, मेंदूत पाणी साचलंय का म्हणून फ्लो स्टडी सांगितली होती, फेज कॉन्ट्रास्ट. त्यात इंजेक्शन नसतंच, नाडीच्या ठोक्याबरोबर पाणी कसं पुढेमागे होतं ते मशीनच टिपतं, पण नावात कॉन्ट्रास्ट दिसला म्हणून काउंटरवाल्यांनी इंजेक्शनचे पैसे लावले. परत मिळाले, दोन चकरा मारून.

आत मात्र टेक्निशियन दादा एकदम सोनं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट स्वतः वाचला, अ‍ॅलर्जी विचारली, हेअरपिनपर्यंत सगळं काढायला लावलं. औषध गॅडोलिनियमचं, सीटीचं आयोडीनवालं वेगळं. आधी साधे फोटो, ठकठक ठकठक, शेजारच्या प्लॉटवर काम चालू असल्यासारखं, मग सुईतून इंजेक्शन, हात कोपरापर्यंत गार, आणि परत फोटो. गंमत म्हणजे तेवढा वेळ डोकं अजिबात दुखलं नाही, आडवीच होते ना!

फोटो इतके स्वच्छ की डॉक्टरांनी स्क्रीनवर मलाच दाखवलं. प्लेनमध्ये मेंदूभोवतीचं जाड आवरण जेमतेम दिसत होतं, इंजेक्शननंतर तेच चहूकडून पांढऱ्या किनारीसारखं चमकत होतं, आणि मेंदू किंचित खाली उतरलेला. आपल्यात हे पाणी साधारण १५० मिली असतं, दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं बनतं, पण गळायला लागलं की कमी पडतं, मग कवटीतली ती जागा भरायला रक्तवाहिन्या फुगतात आणि आवरणात औषध उतरतं. नुसत्या प्लेनवर ही चमक दिसलीच नसती. मात्र चमक नाही म्हणजे गळती नाहीच असंही नसतं म्हणाले, म्हणून मग पाठीचाही एमआरआय केला, तोही इथेच, आणि पुढे हॉस्पिटलात गळती बुजवायला माझंच रक्त काढून पाठीत टोचलं, ब्लड पॅच. आता पोहे ओट्याशी उभी राहून करते.

तर जायचंच तर इथेच जा, चिठ्ठी आणि क्रिएटिनिन हातात ठेवा, काउंटरवर कोणी काही बदला म्हटलं तर आधी डॉक्टरांना फोन लावा. आणि उशी घरून न्या.