आठ आठवड्यांची डास-नियंत्रण सेवा: धूर नापास, पट्टी पास

आमच्या इमारतीत एकाच पंधरवड्यात डेंग्यूचे चार पेशंट निघाले आणि समितीने घाईघाईने एका खासगी डास-नियंत्रण सेवेशी आठ आठवड्यांचा करार केला. देखरेख माझ्या गळ्यात पडली. मी निवृत्त आहे, आणि तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. मायक्रोस्कोपखाली काहीतरी मोजत बसणं हेच माझं काम होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असे करार करणाऱ्यांना काय बघायचं ते कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

करारात तीन कामं होती. आठवड्यातून दोनदा धूर, आठवड्यातून एकदा घरोघर अळ्यांची पाहणी, आणि जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये मिळून अंड्यांचे वीस सापळे. समितीला हवा होता तो धूर. बाकीची दोन कामं पॅकेजमध्येच होती म्हणून आली.

धुराचं आधी उरकते. पहिल्या दिवशी माणसं आली सकाळी अकराला, ऊन चांगलं चढल्यावर. जमीन तापली की हवा वर उठते आणि धूर तिच्याबरोबर गच्चीच्याही वर निघून जातो. पहाटे किंवा दिवस मावळताना जमिनीलगतची हवा गार आणि शांत असते, तेव्हा धूर खाली रेंगाळतो. डेंग्यू पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, चावतो दिवसाच, पण त्याचा जोरही सकाळी उजाडल्यावरचे दोनेक तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास असतो. मशीन दिसताच रहिवाशांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. हा डास बसतो कुठे? कपाटामागे, पलंगाखाली, पडद्याच्या घडीत, खुंटीवरच्या कपड्यांत. म्हणजे बाहेर धूर, आत डास आणि मध्ये काच. जो काही मेला असेल तो त्या क्षणी उडत असलेलाच. पाण्यातल्या अळीला आणि कोषाला धुराचा पत्ताही लागत नाही. दोन दिवसांत पुढची तुकडी हजर.

औषध कुठलं, असं विचारलं तर उत्तर आलं, "कंपनीचं असतं." डबा मागवून लेबल वाचलं तेव्हा पायरेथ्रॉइड या कीटकनाशक गटातलं निघालं. हा गट वाईट नाही, पण जगात अनेक ठिकाणी एडिसमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली आहे. बाटलीला आतून ठरावीक मात्रेत औषध लावायचं, त्यात डास सोडायचे आणि ठरलेल्या वेळात किती पडतात ते मोजायचं, अशी त्याची सोपी चाचणी असते. आपल्या भागातल्या डासांवर ती झाली आहे का, हे त्यांना विचारून पाहिलं. सुपरवायझरने वहीत "बाटली" एवढंच लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही.

अळ्यांची पाहणी करायला दोन मुलं यायची. त्यातला एक खरंच कामाचा होता. त्याच्या हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा डाव. भांड्यावर एकदम उजेड टाकला की एडिसच्या अळ्या तळाशी पळतात आणि बराच वेळ वर येत नाहीत, म्हणून तो आधी बाजूने वाकून बघायचा, थांबायचा, मग टॉर्च लावायचा. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, लिफ्टचा खड्डा, ताडपत्रीच्या खोलगट घड्या, न वापरलेल्या संडासाची फ्लशची टाकी, काही सोडायचा नाही. "मावशी, ओतून टाकलं तरी आतून घासा," हे त्याने प्रत्येक दारात सांगितलं. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. नुसतं पालथं केलेलं पिंप पुढच्या पावसात परत जिवंत होतं ते यामुळे.

घोटाळा झाला कागदावर. पहिल्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं होतं: ६० घरं, ३ बाधित, हाउस इंडेक्स (तपासलेल्या शंभर घरांत अळ्या सापडलेली किती) ५ टक्के. मी मुलाची मूळ वही मागितली. १७ घरांपुढे "बंद" असं होतं. म्हणजे तपासलेली घरं ४३ आणि निर्देशांक ७ टक्के. बंद घरं त्यांनी गुपचूप निगेटिव्हमध्ये ढकलली होती. लॅबमध्ये नमुनाच आला नाही तर आम्ही "नमुना मिळाला नाही" असं लिहायचो. "निगेटिव्ह" लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि बंद घर म्हणजे नुसतं न पाहिलेलं घर नसतं, तिथलं पाणी ओतायला कुणी नसतं. जिथे धोका जास्त तेच निगेटिव्ह म्हणून मोजलं.

शिवाय हाउस इंडेक्सला एक बशी काय आणि सहा पिंपं काय, सारखंच. घर बाधित म्हणजे बाधित. शंभर घरांमागे किती भांडी बाधित, हे सांगणारा ब्रेटो इंडेक्स मी मागून घेतला. तोही पुरेसा नाही, कारण भांडंभांड्यांत फरक असतो. अळ्या खूप मरतात. कोष झाला की तो बहुधा डास होऊनच उडतो. म्हणून मोजायचे तर कोष. आठ बाधित भांड्यांतले कोष मी स्वतः ड्रॉपरने उचलून मोजले. सत्तर भरले, त्यातले एकसष्ट तळमजल्यावरच्या एकाच उघड्या पिंपात. समितीने घरोघर बशांवरून भांडणं लावली होती आणि कारखाना चालला होता पंपाच्या खोलीत.

आता सापळ्यांकडे येते. साध्यातली साधी वस्तू आहे ही: अर्ध्या लिटरचा काळा कप, निम्म्याहून थोडं जास्त पाणी, आत खरखरीत जाड कागदाची पट्टी. मादीला काळा रंग, सावली आणि ओला खरखरीत पृष्ठभाग आवडतो. १९६० च्या दशकापासून एडिस मोजायला हीच युक्ती वापरतात. आठवड्याने पट्टी काढायची आणि भिंगाखाली धरायची. अंडी एक मिलिमीटरहून लहान, काळी, दोन्ही टोकांना निमुळती. ताजी घातलेली पांढुरकी असतात आणि काही तासांत काळी पडतात. पहिल्या आठवड्यात वीसपैकी अकरा पट्ट्यांवर अंडी होती. प्लेटलेट मोजून थकलेल्या डोळ्यांना हे काम फार बरं वाटलं, कारण इथे कुणाच्या घरी रात्री फोन करावा लागत नाही.

याचा खरा फायदा वेळेचा आहे. विषाणू घेतल्यावर डास तो पुढे द्यायला साधारण ८ ते १२ दिवसांनी तयार होतो. माणसाला चावल्यावर ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. डेंग्यूच्या एनएस१ रक्तचाचणीचा पॉझिटिव्ह कागद हातात येतो तेव्हा आपण दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे डास बघत असतो. पट्टी या आठवड्याचे डास दाखवते.

आणि हे घालवलं कंपनीनेच. पट्ट्या सोमवारी गोळा व्हायच्या, "ऑफिसला" जायच्या आणि रंगीत तक्त्यांसह सुबक अहवाल यायचा पुढच्या आठवड्यात, बुधवारी. नऊ दिवस! एडिसची मादी एका खेपेची अंडी एकाच जागी घालत नाही, थोडी इथे थोडी तिथे अशी वाटत फिरते. तिने आमच्या कपात घातलेली ऑफिसात मोजली जात होती तेव्हा तिनेच आसपास घातलेल्यांचे डास झाले होते; उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवसच लागतात. दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला जिन्याखालच्या टेबलाशी बसवलं. भिंग माझं, मोजणी त्याची, फेरमोजणी माझी. तासाभरात वीस पट्ट्या झाल्या. संध्याकाळी आकडे सूचनाफलकावर. तक्ते नव्हते, कुणाचं काही अडलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली. पंपाची खोली साफ, बशा साफ, आणि तरी पट्ट्यांवरची अंडी वाढली. समितीत आरडाओरडा: सेवा बंद करा, पैसे परत मागा. अशा वेळी घाबरायचं नसतं. आसपासची भांडी गेली की उरलेल्या माद्या आपल्याच कपांकडे वळतात, त्यामुळे स्वच्छतेनंतर थोडे दिवस अंडी वाढलेली दिसू शकतात. अंड्यांचा आकडा डास आहेत हे खात्रीने सांगतो. किती आहेत हे तितक्या खात्रीने नाही. त्यासाठी येणाऱ्या मादीलाच चिकटवून ठेवणारे सापळे असतात. सिंगापूरमध्ये असे ग्रॅव्हिट्रॅप शहरभर बसवले आहेत आणि कुठे आधी माणसं पाठवायची ते त्यावरून ठरतं. आमच्या कंपनीकडे ते नव्हते. जाहिरातीत मात्र चित्र होतं.

याच बैठकीत एकाने विचारलं, ते जिवाणूवाले डास का नाही सोडत? इंडोनेशियातल्या योग्यकर्तामध्ये वोल्बाकिया हा जिवाणू अंगात असलेले एडिस सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पण तो शहरभर राबवायचा कार्यक्रम आहे. जिन्यात पेटी उघडून करायचं काम नव्हे.

चौथ्या आठवड्यात बहुतेक पट्ट्यांवरची अंडी कमी झाली, चौदा नंबरची सोडून. चौथ्या मजल्याच्या वळणावरचा हा कप. आजूबाजूची तिन्ही घरं तपासलेली, स्वच्छ. चौथं बंद. एडिस लांब उडत नाही, बहुतेक आयुष्य शंभर-दोनशे मीटरच्या आत काढतो, आणि इथे तर दारांतलं अंतर चार पावलांचं होतं. मालकाला फोन लावला, किल्ली यायला सहा दिवस गेले. आत न्हाणीघरात झाकण नसलेलं पिंप, काठोकाठ, आणि टॉर्च लावल्यावर पाणीच हलल्यासारखं वाटलं. अहवालात हे घर तीन वेळा निगेटिव्ह होतं. पुढच्या सोमवारी चौदा नंबरची पट्टी कोरी आली.

पाचव्या आठवड्यात मुलं आलीच नाहीत, कुणी रजेवर म्हणे. हा साधा निष्काळजीपणा नाही. कप आठवड्याहून जास्त राहिला की आतल्या अळ्या मोठ्या होतात आणि सापळ्याचा पाळणा होतो. वीसच्या वीस कप मीच ओतले, घासले, पट्ट्या बदलल्या. गुडघे अजून बोलतात.

एक काम त्यांनी मागितल्यावर चांगलं केलं. रुग्णाच्या घरी आणि शेजारच्या घरांत धुराऐवजी टिकणारं औषध, तेही फक्त डास बसतात तिथे: भिंतीचा खालचा भाग, पलंगाखाली, कपाटामागे, अंधारे कोपरे. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समध्ये २००८-०९ च्या साथीत रुग्ण जिथे जिथे वावरले त्या जागी असंच फवारलं होतं. पुढच्या संसर्गाची शक्यता ८६ ते ९६ टक्क्यांनी घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. "जिथे वावरले" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दिवसा चावणारा डास शाळेत, दुकानात, मैत्रिणीकडेही चावतो. आमच्याकडे घरांपुरतंच झालं. इथे लेबल पाहायला मिळालं, मात्रा मोजून घेतली आणि माणसांनी हातमोजे घातले होते. वेळ लागला, घरटी वीस-पंचवीस मिनिटं. धुराच्या मशीनने तेवढ्यात अख्खी इमारत उरकली असती, आणि समितीला तेच जास्त आवडलं असतं.

तारे द्यायचे तर धुराला शून्य, कागदी अहवालाला एक, फवारणीला चार, आणि त्या एका मुलाला पाच. सापळ्यांना चार, एक कापला तो नऊ दिवसांचा. शेवटच्या चार आठवड्यांत इमारतीत नवा पेशंट नाही, पण याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. साठ घरांवरून तसं म्हणता येत नाही.

करार वाढवला आहे, धूर वगळून. माझ्या दोन अटी लेखी घेतल्या: मोजणी इथेच, त्याच संध्याकाळी, आणि तक्त्यात "बंद" हा वेगळा रकाना. कालच्या सोमवारी एकोणीस पट्ट्या कोऱ्या होत्या. सात नंबरवर तेवीस अंडी आहेत, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथलं एक घर दहा दिवसांपासून बंद आहे. किल्ली मागवली आहे.