ईपी फेलोशिप: इथेच करायची की बाहेर जायचं?

परवा परळला कॅन्टीनमध्ये डीएम कार्डिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा एक ज्युनिअर समोर येऊन बसला, अर्धा वडापाव संपेपर्यंत गप्प, आणि मग म्हणाला, सर, ईपी करायचंय, इथेच करू की कॅनडाला अप्लाय करू? (ईपी म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचं शास्त्र.) मी एक वर्ष इथे आणि एक वर्ष तिकडे काढलंय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो, पण आधी हिशोब बघा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी ३, डीएम ३, मधे नीटच्या तयारीत गेलेलं एखाद-दुसरं वर्ष, वर बॉण्ड. माणूस ३२-३३ चा होतो, घरी ईएमआय नाहीतर लहान मूल नाहीतर दोन्ही, आणि बरोबरचे मित्र अँजिओप्लास्टी करून गाडी बदलायला लागलेले असतात. त्यात अजून १-२ वर्षं घालायची तर नेमकं काय शिकायला जातोय ते पक्कं पाहिजे.

आधी इथलं. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, वेल्लोरचं सीएमसी अशा ठिकाणी पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहेत, आणि मोठी प्रायव्हेट हॉस्पिटलंही फेलो घेतात. इथे काय मिळतं तर एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी जोराची धडधड, ढिगाने. पेशंट तरुण, वर्षानुवर्षं धडधड घेऊन फिरलेला, मधे कोणीतरी टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेच्या गोळ्या दिलेल्या. आणि थ्रीडी मॅपिंगचा खर्च झेपत नाही म्हणून केस बऱ्याचदा कन्व्हेन्शनल, म्हणजे नुसता फ्लुरो (चालू एक्स-रे) आणि इलेक्ट्रोग्राम (हृदयातल्या विजेचे सिग्नल). लोक याला मागासलेलं समजतात, मी उलटं म्हणेन. स्क्रीनवर रंगीत नकाशा नसला की सिग्नल वाचावेच लागतात, एव्हीएनआरटी (हृदयाच्या मधल्या जंक्शनपाशीच करंट गोल फिरणं) आहे की लपलेला पाथवे (जन्मजात जादा वाट) हे पेसिंग करून (बाहेरून ठोके देऊन) स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागतं. एव्हीएनआरटीतला स्लो पाथवे कॅथेटरने जाळताना (हेच अॅब्लेशन) जंक्शनल बीट्स, म्हणजे त्या जंक्शनमधूनच उठणारे ठोके येतात, ते हवेच असतात, पण त्यात एका बीटला जरी मागे एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) कंडक्शन गेलं नाही तर पाय त्या क्षणी करंटच्या पेडलवरून उचलायचा, नाहीतर पंचविशीतल्या मुलीला आयुष्यभराचा पेसमेकर. हा पाय माझा इथे तयार झाला, तिकडे नाही.

इथे कमी पडतं ते एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. आपल्याकडे एएफचे पेशंट कमी नाहीत, पण सरकारी हॉस्पिटलात येणाऱ्या कितीतरी जणांची झडप ऱ्हुमॅटिक आजाराने आखडलेली असते, तिथे आधी बलूनने झडप उघडणं किंवा नवा व्हॉल्व्ह, आणि रक्त पातळ ठेवायला गोळी अॅसिट्रॉमची. अॅब्लेशनचा विषयच निघत नाही. उरलेल्यांना कॅथेटरचा आकडा सांगितला की ते घरी विचारून येतो म्हणतात आणि येत नाहीत.

तिकडे बरोब्बर उलटं. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाईसागेर आणि त्यांच्या टीमने दाखवलं की एएफ सुरू करणारे बीट्स बहुतेक वेळा पल्मनरी व्हेन्समधून (फुफ्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांमधून) येतात, त्यानंतर तिकडच्या लॅब या कामानेच भरून गेल्या. अमेरिकेतल्या २०१५ च्या ट्रेनिंग स्टेटमेंटमध्ये फेलोने किमान १६० अॅब्लेशन करावीत असं आहे आणि त्यातली ५० एएफची. ट्रान्ससेप्टल पंक्चर (हृदयाच्या मधल्या पडद्यातून सुई पलीकडे नेणं), हृदयाच्या आतून केलेला एको, क्रायोबलून (गोठवून अॅब्लेशन), आता पल्स्ड फील्ड (विजेच्या झटक्यांनी अॅब्लेशन), हे रोज सकाळी चहा घ्यावा तसं होतं. स्कार व्हीटी (हृदयाच्या जुन्या व्रणातून येणारी खालच्या कप्प्याची जोराची धडधड) आणि लीड एक्स्ट्रॅक्शन (पेसमेकरच्या जुन्या वायरी काढणं) पण तिकडे जास्त बघायला मिळतं. पण बघायला आणि करायला यात फरक आहे राव. नावाजलेल्या सेंटरला मी पहिले चार महिने मुख्यतः मॅपिंगच्या कन्सोलमागे उभा होतो, कॅथेटर आधी तिथल्याच फेलोच्या हातात, आणि मला मुंबईतली ती साधी केस आठवायची जिथे सर नुसतं म्हणायचे, घाल तू.

देशांमध्येही एकसारखं नाहीये. अमेरिका म्हणजे यूएसएमएलई ही तिथली लायसन्सची परीक्षा, मग पुन्हा रेसिडेन्सी ३, कार्डिओलॉजी ३, ईपी २, म्हणजे आपलं डीएम जवळपास धुतलं जातं. वर जे-१ व्हिसा असेल तर शिकून झाल्यावर २ वर्षं मायदेशी परत नाहीतर त्यातून सूट (वेव्हर) मिळवा. तिकडेच राहायचं असेल तरच या वाटेला जा, आणि तसं असेल तर डीएमच्या आधीच ठरवायला हवं होतं. कॅनडा आपल्यासारख्यांना सोपा, डीएम झालेल्याला सरळ फेलो म्हणून घेतात, रेसिडेन्सी पुन्हा करावी लागत नाही. मात्र ती फेलोशिप म्हणजे तिथे प्रॅक्टिसचं लायसन्स नव्हे, आणि काही जागा बिनपगारी असतात, पैसे तुम्हीच आणायचे. यूकेत परदेशी डॉक्टरांना शिकवायची एमटीआय नावाची स्कीम आहे, जास्तीत जास्त २ वर्षं, प्लॅब ही तिथली डॉक्टरांची परीक्षा टळते, पण इंग्रजीची परीक्षा आणि जीएमसीचं (तिथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि स्कीममध्येच लिहिलंय की शिकून परत जा. युरोपात भाषा आडवी येते, पेशंटशी बोलताच आलं नाही तर तुम्ही पाहुणेच.

आता परत आल्यावरचं, कारण याच्यावर कोणी बोलत नाही. मुंबईत नुसत्या ईपीवर पोट भरणारे मोजकेच. बाकीचे सकाळी परळ, दुपारी मुलुंड, मधे प्रायमरी अँजिओप्लास्टीचा फोन, आणि पेसमेकर तर रोजचेच. म्हणून इथे राहायचं असेल तर लेफ्ट बंडल पेसिंग (पेसमेकरची वायर हृदयाच्या नैसर्गिक विजेच्या वाटेवर बसवणं) हातात बसवून घ्या, एएफपेक्षा ते आधी उपयोगी पडेल.

मी त्याला म्हटलं, पहिलं वर्ष इथेच कर, ५०-६० एसव्हीटी स्वतःच्या हाताने होऊ देत, आणि मग एएफ-व्हीटीसाठी एक वर्ष बाहेर जा. सरळ गेलास तर बेसिक शिकण्यातच तिकडचं वर्ष जाईल. फक्त बायकोची नोकरी आणि डोंबिवलीचे आईवडील हे गणित तुझं, त्यात मी पडत नाही. आणि कुठेही अप्लाय करताना डायरेक्टरला विचारू नकोस, ते सगळीकडे गोडच बोलतात. गेल्या वर्षीच्या फेलोला शोधून काढ आणि लॉगबुक माग, त्यात फर्स्ट ऑपरेटर असा कॉलम असतो, तो रिकामा असेल तर कॉल ड्युटीला माणूस हवाय त्यांना. तो म्हणाला सर, तुमचं लॉगबुक दाखवाल? दाखवलं. पहिल्या चार महिन्यांची पानं बघून हसला.